‘पडली’ या एका शब्दाच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
महिला साहाय्य कक्ष,
खोली क्रमांक ११ (दारावर १७ लिहिले आहे, शिपाईबुवांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही बरोबर)

विषय : आपल्या यादीतील मदत केंद्रे शोधताना आलेला अनुभव, तसेच रुग्णालयाच्या नोंदीतील ‘पडली’ हा शब्द दुरुस्त धरून आसरागृहासाठी शिफारसपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची ‘पीडित महिलांसाठी स्थानिक साहाय्य सेवांची यादी’.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज, जे आपणास मिळालेच नाहीत असे आपण त्या अर्जांचे आवक क्रमांक नमूद करून कळवले आहे.

महोदय,

१. अर्जाचा आरंभ उजेडाने करण्याचा प्रघात नाही, याची अर्जदारास जाणीव आहे. तथापि प्रस्तुत प्रकरणी उजेड हाच पुरावा असल्याने इलाज नाही. अर्जदाराच्या घरी स्वयंपाकघरात सकाळी पावणेसातच्या सुमारास ऊन येते. ते आधी खिडकीच्या गजांशी थबकते, मग ओट्यावर पालथ्या घातलेल्या पातेल्याच्या बुडावर उतरते, डब्यांच्या रांगेत एकेका झाकणाला हात लावत पुढे सरकते आणि शेवटी, कुठेच जायची घाई नसलेल्या पाहुण्यासारखे, फरशीवर ऐसपैस बसते. दारापासूनच्या पाचव्या फरशीला केसाएवढी चीर आहे. त्या चिरेत अडकलेला साखरेचा कणही त्या घटकेला चमकतो. अशा उजेडात थेंबभर पाणी सांडले असते, तर ते आरशासारखे दिसले असते. घटनेच्या सकाळी तसे काही दिसले नाही. फरशी कोरडी होती.

अर्जदार त्या वेळी घरी नव्हता, याची कृपया नोंद घ्यावी. उजेडाचे वर्णन सर्वसाधारण माहितीवरून केले आहे.

२. अर्जदार एका छापखान्यात मुद्रितशोधक असून थोरला भाऊ (यापुढे ‘दादा’) व वहिनी यांच्यासह राहतो. अर्जदाराचे अक्षर वळणदार व स्वभाव मुखदुर्बळ असल्याने घरात लिहिण्याचे काम त्याच्याकडे व बोलण्याचे दादाकडे अशी जुनी वाटणी आहे. वहिनीच्या वाट्याला काय आले, हे या अर्जात ओघाने येईलच. गेल्या दोन वर्षांत ती तीनदा ‘पडली’. एकदा मनगट, एकदा भुवई, एकदा बरगडी. तिन्ही वेळा त्याच कोरड्या फरशीवर आणि तिन्ही वेळा दादा घरात असताना. एरवी ती शेवाळलेल्या गच्चीवर ओल्या कपड्यांची बादली घेऊन वावरते, तेथे तिचा पाय कधी सरकत नाही. गुरुत्वाकर्षण एवढे माणूस पाहून वागते, हे अर्जदारास शाळेत कोणी शिकवले नव्हते.

३. बरगडीच्या वेळचे पट्टे निघाल्यावर एका सकाळी वहिनीने अर्जदाराच्या चहावर झाकण ठेवता ठेवता विचारले, “भाऊजी, अशा वेळी बाईनं जायचं कुठे असतं हो?” जणू पोस्टाची वेळ विचारावी तसे. अर्जदाराकडे आपल्या कार्यालयाची यादी होती. गुळगुळीत कागदावर छापलेली, सहा पत्ते असलेली आणि (व्यवसायाच्या सवयीने मोजले) अकरा मुद्रणदोष असलेली.

४. ही सहा ठिकाणे शोधण्यात अर्जदाराच्या नऊ रजा खर्ची पडल्या. पहिल्या पत्त्यावर केंद्र आहे, मात्र ते स्थलांतरित झाल्याची पाटी आहे. पाटीवरच्या पत्त्यावर दुसरी पाटी आहे, व ती पहिल्या पत्त्याकडे बोट दाखवते. दुसरे ठिकाण समुपदेशनाचे असून तेथे पीडितेने नवऱ्यासह जोडीने यावे, येताना हसतमुख असावे, अशी सूचना भिंतीवर आहे. तिसरा म्हणजे दूरध्वनी. तो चोवीस तास चालू असतो व चोवीस तास “कार्यालयीन वेळेत संपर्क साधावा” असे सांगतो. कार्यालयीन वेळेत तो व्यग्र असतो. चौथ्या ठिकाणी अर्ज मिळाला, त्यावर ‘कुटुंबप्रमुखाची संमती व स्वाक्षरी’ असा रकाना होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण आपल्या कार्यालयाने नमुना अर्जाच्या रूपात जतन केल्याबद्दल अर्जदार, एक भाषाप्रेमी या नात्याने, ऋणी आहे.

५. पाचव्या पत्त्यावर पडद्यांच्या कापडाचे दुकान निघाले. मालकीणबाईंनी अर्जदाराच्या हातातली यादीची घडी ओळखली आणि काही न विचारता एक स्टूल पुढे केले. आपल्या यादीमुळे आठवड्याला दोन-तीन बायका त्यांच्या दुकानात येतात. त्या त्यांना पाणी देतात, पडद्याआड बसून रडू देतात व खरे आसरागृह कोठे आहे ते सांगतात. ते यादीत नाही. सबब अर्जदाराची शिफारस आहे की, हा मुद्रणदोष कृपया दुरुस्त करू नये. संपूर्ण यादीत चालू असलेली सेवा तेवढी एकच आहे. (सहावा पत्ता आपल्या कार्यालयाचा.)

६. आसरागृहाने वहिनीस सात दिवसांचा तात्पुरता प्रवेश दिला आहे. ही मुदत येत्या शुक्रवारी संपते. पुढे राहण्यासाठी इजा मारहाणीची असल्याबाबत आपले शिफारसपत्र लागते. ते न मिळाल्यास तिला घरी परतावे लागेल. दादाने तिचा कप धुऊन, पुसून, ओट्यावर काढून ठेवला आहे. “शुक्रवारी येतेच आहे,” असे तो अर्जदारास रोज शांतपणे सांगतो. दादाचा आवाज घरात कधीच चढत नाही, असे शेजारीपाजारीही सांगतील.

७. शिफारसपत्राच्या मागणीवर आपण तत्परतेने कार्यवाही केली, हे मान्य करणे भाग आहे. रुग्णालयाच्या नोंदीत तिन्ही वेळा ‘ओल्या फरशीवरून पाय घसरून पडली’ असे असल्याने ही बाब आपल्या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही, असे ठरवून आपण कागद बांधकाम विभागाकडे पाठवले. परवा तेथील निरीक्षक घरी आले. त्यांनी गुडघे टेकून पाचवी फरशी न्याहाळली, तीवर पाणी ओतले, बूट घासला, मग बूट काढून मोजा घासला. दादाने त्यांना चहा दिला व आमची मंडळी जरा धांदरट आहेत, असे हसून सांगितले. निरीक्षकांनी चहा घेतला आणि लिहिले : ‘फरशी खडबडीत. ओली केली असताही घसरण्याजोगी नाही.’ या दाखल्यावर आपल्या कक्षाचा अभिप्राय काल मिळाला. तो असा, की ज्या अर्थी फरशी निर्दोष आहे, त्या अर्थी दोष चालणारीचा असून तिने योग्य पादत्राणे वापरावीत. अर्जदाराने हा अभिप्राय तीनदा वाचला. त्यात एकही मुद्रणदोष नाही.

८. आता व्याकरणाविषयी थोडेसे, कारण अर्जदारास दुसरे काही येत नाही. ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कर्म लागत नाही. एकटी बाई पडली की वाक्य पुरे होते, पूर्णविराम देता येतो, घरचे घरात राहते. ‘मारणे’ सकर्मक आहे. ‘मारले’ म्हटले की ‘कोणाला’ आले, आणि ‘कोणी’ हेही आले. तेथे ‘ने’ हा प्रत्यय कोणाच्या तरी नावाला जोडावा लागतो. घराण्याच्या अब्रूचे सगळे ओझे त्या एका प्रत्ययावर असते, म्हणून घरोघरी बायका पडतात.

९. राहता राहिला हा शब्द रुग्णालयाच्या नोंदीत आला कसा, हा प्रश्न. तो आपल्या कार्यालयाने विचारलेला नाही. तो पडद्यांच्या दुकानात विचारला गेला. मालकीणबाईंनी नोंदीच्या प्रती उजेडाला धरून पाहिल्या आणि म्हणाल्या, “अक्षर काय सुरेख आहे हो. कुणाचं?” अर्जदाराने त्या वेळी पडद्यांचे भाव विचारले.

रुग्णालयात दाखल करताना नातेवाइकाने माहितीचा कागद भरायचा असतो. दादा खुर्चीमागे उभा होता. तिसऱ्या खेपेस वहिनीने बरगडी धरून, मान न वळवता, हळूच म्हटले होते, “भाऊजी, या वेळी झालं तेच लिहा.” अर्जदाराने पेन झटकले, जणू शाई उतरत नव्हती, आणि मग सुवाच्य अक्षरात तोच शब्द लिहिला. वेलांटी, पूर्णविराम, सारे जागच्या जागी. दादाने पाठीवर थोपटले. त्यानंतरही चहावर झाकण रोज होते, वहिनी आसरागृहात जाईपर्यंत.

१०. तरी विनंती की, यादी, पाट्या, दूरध्वनी व पादत्राणे यांविषयी वर केलेली तक्रार सावकाश, आपल्या नेहमीच्या गतीने निकाली काढावी, परंतु शिफारसपत्र शुक्रवारपूर्वी द्यावे. साक्षीदार नाही, हे कारण यापुढे आपणास देता येऊ नये, म्हणून शेवटी शुद्धिपत्र जोडले आहे. त्याखाली शपथेवर सही करण्यास अर्जदार उद्या सकाळी दहा वाजता ११ किंवा १७ क्रमांकाच्या दाराशी हजर राहील, आणि या खेपेस आत येईल.

आपला नम्र, व मूळ मुद्रणदोषास जबाबदार,
(सही)
अर्जदार, पीडितेचा दीर
बुधवार, मुदतीस दोन दिवस शिल्लक

सोबत :
१) आपली यादी, अकरा दोष तांबड्या शाईने दाखवून.
२) फरशी निर्दोष असल्याचा बांधकाम विभागाचा दाखला.
३) रुग्णालयाच्या नोंदीच्या तीन प्रती.
४) अर्जदाराच्या हस्ताक्षराचा नमुना, ताडून पाहण्यासाठी. (हाच अर्ज.)
५) शुद्धिपत्र, खालीलप्रमाणे.

रुग्णालयाची नोंद, तिन्ही पाने, रकाना ‘इजेचे कारण’ :
अशुद्ध : ओल्या फरशीवरून पाय घसरून पडली.
शुद्ध : नवऱ्याने मारले.

प्रस्तुत अर्ज, परिच्छेद १ :
अशुद्ध : अर्जदार त्या वेळी घरी नव्हता.
शुद्ध : मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.