गच्चीवरच्या चार नळ्या

मखमलाबाद, नाशिक
९ एप्रिल २००६

ती. कुसाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या कॉटशेजारी आहे, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेले द्राक्षबागेचे नोझल नीट बसले. सहा इंच व्यासाच्या चार उंच प्लॅस्टिकच्या नळ्या गच्चीवर उभ्या केल्या आहेत. नळी तापवायची, मऊ झाली की बाटलीचं तोंड खुपसायचं, अशी प्रत्येकीला चोवीस भोकं पाडली. भोकात पालकाचं रोप, मुळं आतल्या पोकळीत लोंबती. माती अजिबात नाही. खालच्या पिंपातलं खतपाणी मोटर ओढते आणि दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट आत धुकं होतं. मळा विकल्यापासून बाबा कॉटवरून उठत नव्हते. त्यांना वाकवत नाही, म्हणून मी वाफाच उभा केला. आता रोज जिना चढून पालकाशी गप्पा मारतात.

पण माझी आखणी एका जागी चुकली. भारनियमनात मोटर बंद पडते आणि या उन्हात अर्ध्या तासात मुळं सुकतात. मग दिवे येईपर्यंत मी फवारणीचा पाठीवरचा पंप नळ्यांना जोडून त्याचा दांडा मारत बसते. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन. फेब्रुवारीपासून मी पंचवटीच्या पलीकडे गेलेले नाही. त्यात तळेगावच्या रोपवाटिका प्रशिक्षणाला माझी निवड झाली आहे, १५ मेपासून सहा महिने. बाबांना अजून सांगितलेलं नाही. नळ्या माझ्याशिवाय एक दिवस तरी जगतील का, तेच कळत नाही.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
प्रतिभा


दिंडोरी
१६ एप्रिल २००६

चि. प्रतिभास आत्याचे अनेक आशीर्वाद.

सुनेला घरात कोंडतात हे ऐकून होते, पालकाने पोरगी कोंडल्याचं पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या घरात सगळे लय हसले.

चिमादादाला तू काय कुक्कुलं बाळ समजतेस? चाळीस वर्षं मळा राखला त्याने, त्याला दांडा मारता येत नाय? गुरुवारी, २७ तारखेला, सकाळच्या एसटीने ये, संध्याकाळी जा. बटण दादाच्या हाती दे आणि मागे वळून बघू नको. नळ्या एक दिवस जगल्या, तर तळेगावचं मी त्याच्याशी बोलते. शाळेआधी त्यानेच तुला रोपांच्या ओळींवर आकडे शिकवले. शंभराच्या पुढे तू जायची नाहीस, चुकेल म्हणून. अजून तशीच आहेस.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या


मखमलाबाद
३० एप्रिल २००६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी तुझ्याकडून परतले, तर चारही नळ्यांतल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. त्या दिवशी दिवे गेलेच नव्हते. बटण बाबांनीच बंद केलं होतं. अमावस्या होती. मळ्यात त्यांनी अमावस्येला कधी औत जुंपलं नाही, मोटर चालवली नाही. तोच नेम इथे पाळला. म्हणाले, राबणाऱ्याला एक दिवस विसावा द्यावा, तेवढी ओल माती धरून ठेवते. इथे माती नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आता खरं सांगते. बुधवारी कॅलेंडरवर मी अमावस्या पाहिली होती. बाबांचा नेम मला पाठ आहे. सांगायला त्यांच्यासमोर जाऊन उभीही राहिले, आणि चहा ठेवू का एवढंच विचारलं. मरू देत ती रोपं एकदाची, असं मनात आलं होतं. विसरले म्हणावं, तर ते खोटं होईल.

बाबा स्वतःला दोष देतात. नीट जेवत नाहीत, पिंपाशेजारी बसून असतात. त्यांना असं ठेवून मी जाऊ शकत नाही, आणि सांगायला जीभ उचलत नाही.

हे वाचूनही मला आपली म्हण.
प्रतिभा


दिंडोरी
५ मे २००६

चि. प्रतिभास आशीर्वाद.

पालक मेला, माणूस नाय. पण दादा स्वतःला खातोय, ते तुला थांबवायला हवं. मी मध्ये पडणार नाय. त्याला सगळं सांग, आणि तळेगावचंही त्याच दमात. रागावला तर रागावू दे. तुझ्यावर रागावायचा त्याचा हक्क तू अडवून बसली आहेस.

आपली आहेस म्हणूनच हे लिहिलं.
आत्या


मखमलाबाद
१३ मे २००६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी दोन्ही सांगितलं. बाबा सुईने नोझल साफ करत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सुई जाड आहे, बारीक आण. पुढे दोन दिवस नोझलच साफ करत बसले. काल मात्र रोपं आणली आणि शहाण्णवच्या शहाण्णव एकट्याने लावली. आपलं जाणं संपलं, असं मी समजले.

आज सकाळी दिवे गेले. सवयीने जिना धावत चढले, तर गच्चीच्या दाराला पलीकडून कडी. दार वाजवलं. बाबा पलीकडून म्हणाले, सोमवारची गाडी किती वाजता आहे ते विचारून ये. मी म्हटलं, तुमच्याने तीन तास होणार नाही. तर म्हणाले, नाही झालं तर भाजी मरेल, तू खाली जा.

मी खाली गेले नाही. पायरीवर बसून दांड्याचा आवाज ऐकत राहिले. मध्येच तो थांबला तशी मी उठले, दारावर हात ठेवला. पुन्हा सुरू झाला. असं तीनदा झालं. दिवे आले तरी त्यांनी कडी काढली नाही. मग मी गाडीची वेळ विचारायला गेले.

तळेगावचा पत्ता मागे लिहिला आहे, तिथेही रागावत जा.
प्रतिभा