कुठलं पिंपळगाव

आप्पा, निदान कुठलं पिंपळगाव तेवढं तरी सांगून जायचं होतं. आपल्या नाशिक जिल्ह्यातच पिंपळगावं हाताच्या बोटांवर मावत नाहीत, जिल्ह्याबाहेर तर विचारूच नका. त्यातलं एकही आपलं नाही. आपलं गाव वेगळं, तिथलं आडनाव वेगळं, आणि ते ऐकलं की समोरचा आपल्याला कुठे बसवायचं ते लगेच ठरवायचा, म्हणून तुम्ही ते टाकलंत. ते मला कळतं. टाकलंत ते टाकलंत, पण दुसरं घेताना माणूस जरा चौकशी करतो की नाही? तुम्ही गेल्याला वीस वर्षं झाली तरी माझं हे भांडण संपत नाही. आता तर ते पुन्हा दारात येऊन बसलंय, कारण तुमचा नातू सहा वर्षांचा झालाय. जूनमध्ये त्याचं नाव शाळेत घालायचंय. तुमच्या सुनेचा फोन आला होता. म्हणाली, "अहो, फॉर्मवर आडनाव कोणतं लिहू? तुम्ही तर जुनं लावायचं म्हणत होतात. सोमवारपर्यंत सांगा, नंतर बदलायला लय चकरा मारायला लावतात." चकरांचं मला कोणी सांगायला नको.

माझं नाव घातलंत तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तुम्ही थर्मलवरून, त्या वीज केंद्रातून, रात्रपाळी करून आला होतात. आंघोळ केली तरी कानामागे राखेची रेघ राहिलेली. एकलहऱ्याच्या त्या शाळेत मास्तरांच्या टेबलासमोर आपण उभे आहोत, माझा हात तुमच्या हातात आहे आणि तुमच्या हाताला घाम सुटलाय. मास्तर विचारतात, "आडनाव?" मी वर बघतो. तुम्ही घसा साफ करता आणि म्हणता, "पिंपळगावकर." मला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाचं तरी सांगताहेत. मास्तर म्हणाले, "कुठलं हो पिंपळगाव?" तर तुम्ही म्हणालात, "हेच की. आपलं." मास्तरांनी पेन थांबवलं, तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे काही न विचारता लिहून टाकलं. त्या माणसाला सगळं कळलं होतं असं मला आता वाटतं. बाहेर आल्यावर तुम्ही मला उसाचा रस पाजलात. अर्धा ग्लास नाही, पूर्ण. आणि घरापर्यंत माझ्याकडून ते नाव घोकून घेतलंत. "म्हण." मी म्हणायचो. "परत म्हण." मला ते नीट म्हणता येत नव्हतं, एवढं लांब नाव, मधेच पाय अडखळायचा आणि नावही.

पाचवीत असताना वर्गात एक पोरगा आला, खऱ्याखुऱ्या पिंपळगावचा. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "तू आमच्या गावचा? कोणत्या आळीतला?" मी म्हणालो, नदीकडच्या. तो म्हणाला, "नदीकडं तर आमचंच घर हाय." सगळी पोरं हसली. मी घरी आलो, तुम्ही चुलीपाशी जेवायला बसला होता, आई भाकरी थापत होती. मी दप्तर फेकलं आणि ओरडलो की तुम्ही खोटारडे आहात. आईचा हात थांबला. मला वाटलं आता तुम्ही मारणार. तुम्ही कांद्यावर बुक्की मारलीत, कांदा फोडलात, अर्धा माझ्या ताटात टाकलात आणि म्हणालात, "नाव लिहून झालंय. आता भाकर खा." बस. एवढंच. त्यापेक्षा मारलं असतंत तर बरं झालं असतं. मला कारण हवं होतं, आणि तुम्ही कांदा दिलात.

आणि मग तुम्ही गेलात. दुपारी छातीत दुखतंय म्हणून घरी आलात आणि संध्याकाळ बघितली नाहीत. मी आठवीत होतो. तुमच्या हजेरीच्या कार्डावर शेवटपर्यंत जुनंच आडनाव होतं, ते तुम्ही स्वतःसाठी कधी बदललंच नाहीत. नवं कापड फक्त मला शिवलंत. थर्मलच्या ठेकेदाराच्या ऑफिसात तुमचे राहिलेले पैसे मागायला आई मला घेऊन गेली. तिथल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, तुमचं कार्ड आणि माझा शाळेचा दाखला, आणि आईला म्हणाला, "बाई, बाप एक सांगता अन् पोरगं दुसऱ्याचं आणता होय?" आईने पदर तोंडाला लावला आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. आम्ही पुढचा पावसाळाभर चकरा मारल्या. पुरावा आणा, दाखला आणा, साहेब नाहीत, उद्या या. शेवटी आईने नाद सोडला आणि मी शाळा सोडली. त्याच पायरीवर मी ठरवलं होतं की मला पोरगं झालं तर त्याला जुनं आडनाव लावीन, ताठ मानेने, कोणाला काय वाटायचं ते वाटो. काकाचा मोठा मुलगाही हेच म्हणतो. तो म्हणतो, "लपवायचं कशाला? आपण काय चोरी केली?" त्याचं चूक नाही आप्पा. आजही मला त्याचं चूक वाटत नाही.

आता इथलं सांगतो. मी मस्कतच्या पुढे एका साइटवर आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा कारखाना उभा राहतोय, त्याच्या गरम पाइपांना काचेची लोकर गुंडाळायची आणि वरून पत्रा चढवायचा, हे माझं काम. थर्मलवर पोटापाण्याला शिकलो तेच. अंग खाजतं, पण पगार वेळेवर होतो. आमचा सुपरवायझर एक म्हातारा इंग्रज आहे, बार्टन नावाचा. उन्हाळ्यात दुपारी इथे काम बंद ठेवतात, उन्हात माणूस भाजून निघतो. अशाच एका दुपारी मी हजेरीचे कागद द्यायला त्याच्या केबिनमध्ये गेलो, तर तो भिंतीवरच्या नकाशाला टाचण्या टोचत होता. लाल आणि निळ्या. मला वाटलं पाइपलाइन आहे. विचारलं, तर म्हणाला, "हे मी आहे." त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं, उरलेलं तो हातवारे करून कळवतो. तो नकाशा इंग्लंडचा होता. लाल टाचण्या म्हणजे बार्टन नावाची गावं. निळ्या म्हणजे आज बार्टन आडनावाची माणसं राहतात ती ठिकाणं. फोनच्या डिरेक्टऱ्या चाळून चाळून त्याने ती शोधलीत. शेजारी दुसरा नकाशा जगाचा. त्यावर ऑस्ट्रेलियात निळ्या टाचण्या, अमेरिकेत निळ्या टाचण्या.

मी म्हणालो, "एवढी गावं? यातलं तुमचं कुठलं?"

तो हसला. "माहीत नाही. लय आहेत."

शब्द त्याचे वेगळे होते, पण सूर अगदी हाच. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो. बसू का असंही विचारलं नाही.

त्याने सांगितलं ते असं. बार्टन म्हणजे त्यांच्या जुन्या भाषेत जवाचं शेत, जव ठेवायचं आवार. पुढे पुढे जमीनदाराच्या धान्याच्या वाडीलाच तसं म्हणायला लागले, आणि अशा वाड्या गावोगाव असणार, म्हणून गावंही ढीगभर. मी विचारलं, "म्हणजे तुमचे पूर्वज जमीनदार?" तो म्हणाला, "छे रे. जमीनदार स्वतःच्या धान्याच्या खळ्याचं नाव कशाला लावील? माझा पूर्वज ते जव झोडपणारा असेल. आणि एक लक्षात घे. तो गावात होता तोवर त्याला कोणी बार्टन म्हणालंच नसेल. गावात सगळेच त्या गावचे. पोट भरायला दुसरीकडे गेला, तिथे लोकांनी विचारलं, हा कोण नवा? तर तो बार्टनहून आलेला. झालं नाव." मग त्याने बोटाने दाखवलं. जिथे लाल टाचण्या होत्या तिथे निळ्या फार थोड्या. निळ्या सगळ्या शहरांत, बंदरांत, गिरण्यांच्या गावांत. एकदा तो लाल टाचणीच्या एका गावी जाऊनही आला होता. दिवसभर चर्चच्या आवारातले दगड वाचत फिरला, बार्टन नावाचं एकही थडगं नाही.

"मग?"

"मग काय. चहा प्यायलो आणि बस पकडून परत आलो. चहा चांगला होता."

आप्पा, मला तिथे बसल्या बसल्या शाळेचं ते टेबल दिसलं. हा गोरा माणूस, लाल चेहऱ्याचा, मला ओरडणारा, माझ्या दसपट पगार घेणारा, आणि याच्या आडनावाची गोष्ट तुमच्यासारखी. दुसऱ्याच्या धान्याचं खळं, ते मागे टाकून निघालेला माणूस, आणि कुठलं गाव विचारलं की "हेच की, आपलं". फरक एवढाच की त्याला ते सांगताना घाम फुटत नव्हता. त्याची मजा वाटत होती त्याला. नाव लागून इतकी शतकं लोटली की त्यावर शंका घ्यायला कोणी उरलेलंच नाही.

मग त्याने माझ्या हेल्मेटकडे बघितलं. स्टोअरवाल्याने त्यावर माझं आडनाव लिहिताना जागा संपली म्हणून 'पिंपळग' एवढ्यावरच सोडून दिलंय, सगळी साइट मला तेवढ्यानेच हाक मारते. "आणि तुझं?" तो म्हणाला. मी पुरं नाव सांगितलं. शेवटी 'कर' लागलं की त्या गावचा, हे सांगितलं. पिंपळ म्हणजे झाड, हे कागदावर पान काढून दाखवलं. त्याने लगेच ड्रॉवरमधून डबी काढली, जगाच्या नकाशावर मला नाशिक शोधायला लावलं, तिथे लाल टाचणी टोचली, आणि मग आम्ही बसलो होतो तिथे, समुद्राच्या कडेला, एक निळी. म्हणाला, "पहिली. अभिनंदन." मी बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत जात होतं, पण मला हसू येत होतं.

त्या शुक्रवारी मी आईला फोन केला आणि सरळ विचारलं, पिंपळगावच का? इतक्या वर्षांत मी तुमच्याशी भांडलो, तिला कधी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "अरे, तुझ्या जन्माआधी आम्ही तिथं द्राक्षाच्या बागेत दोन महिने छाटणीला होतो. वाटंवर मोठी विहीर होती, बाकी गाव काय मला नीट आठवत नाय."

"म्हणून काय त्या गावचं नाव लावायचं?"

"तिथं कोणी तुझ्या बापाला जुन्या नावानं हाक मारली नाय रे. जात इचारली नाय. मालक, मालकाची म्हातारी, दुकानदार, सगळे नुसतं 'ओ पाव्हणं' म्हणायचे. रातच्याला झोपताना मला म्हणायचा, 'अगं, मी इथं पाव्हणा हाय.' अन् एकटाच हसायचा."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"बाप काय पोराला असलं सांगतो व्हय? कसं सांगणार? मग आधीचं समदं सांगावं लागलं असतं."

मी फोन ठेवला. म्हणजे तुम्ही गाव निवडताना चौकशी केली होती तर. दोन महिने राहून केली होती.

सोमवारच्या आधी मी तुमच्या सुनेला फोन केला. म्हणालो, "पिंपळगावकरच लिही." ती म्हणाली, "नक्की का? दादा रागावतील." दादा म्हणजे काकाचा मुलगा. मी म्हणालो, रागावू दे, मी बोलतो त्याच्याशी. त्याला सांगीन की लपवायचं नाहीच. पोराला जुनं नावही सांगायचं, ते का टाकलं तेही सांगायचं, कोणी टाकायला लावलं तेही सांगायचं, मोठ्या आवाजात. पण हे दुसरं आता उसनं राहिलेलं नाही. ते लावून मी चकरा मारल्यात, टिंगल सोसलीय, पासपोर्टवर घेऊन समुद्र ओलांडलाय. पोराला कोणी विचारलं, कुठलं पिंपळगाव, तर त्याने खुशाल म्हणावं की माझ्या आजोबांना जिथे पाहुणा म्हणाले ते. नेमकं कुठलं ते शोधायचं असेल तर मोठा होऊन शोधील. आईला वाटेवरची विहीर तेवढी आठवते. आणि विहीर काय, प्रत्येक गावाला असते.

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा पत्ता नाही, आणि तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे मला लिहायला बसल्यावर चौथ्या पानावर आठवलं. पण एक गोष्ट कबूल करायची राहिलीय. त्या दुपारी बार्टनने टाचणी टोचल्यावर विचारलं होतं, तिथे तुमचं काय काय आहे? तेव्हा मी सांगितलं की नदीकडे घर आहे, द्राक्षाची बाग आहे, माझे वडील तिथले मोठे माणूस होते. एकदाही न अडखळता सांगितलं, आप्पा. तुमच्याहून सफाईने. आणि सांगताना मला बरं वाटत होतं.

आज पगार झाला. शाळेची फी, गणवेश, आणि नाशकात द्वारका चौकात पाट्या करतो त्याच्याकडून दारावर लावायला एक पितळी पाटी. तिच्यावर माझं नाव नको म्हणून तुमच्या सुनेला सांगितलंय. तुमचं घालायचं, आणि त्याच्यापुढे पिंपळगावकर, जे तुम्ही स्वतःला कधी लावलं नाहीत. अक्षरं मोठी घे म्हणालो, जागा पुरली नाही तर पाटी मोठी घे. सगळं मिळून पाठवतोय पाच हजार दोनशे रुपये.