सावकाश सांगा

२० जानेवारी १९६४, अमरावती
आज पुन्हा समाजमंदिराला कुलूप! आमच्या पंचमंडळाचे अध्यक्ष पुंजाजी म्हणतात, "किल्ली घरी राह्यली." रोज कशी राहते ही किल्ली? शाळा सुटल्यावर मी काय हवा खायला जाते? वस्तीतल्या मंदबुद्धी पोरांसाठी संध्याकाळी ती खोली मागितली, तर यांच्या पोटात दुखतं. "येड्याईची शाळा" म्हणे! म्हणा. शहाणे काय दिवे लावतात ते दिसतंच आहे.

माझ्या घराच्या ओट्यावरच वर्ग घेतला. कोणी घाईने बोललं की ही पोरं घाबरतात, पळून जातात. म्हणून सगळ्यांकडून पाठ करवून घेते आहे — अनोळखी माणूस दिसला की उभं राहायचं, नाव सांगायचं, मग म्हणायचं, "मले लवकर समजत नाही. सावकाश सांगा." आज पंचफुलाने किराणावाल्याला सांगितलं आणि गूळ आणला. एकटीने! एवढी मोठी पोर, जन्मात पहिल्यांदा. मी रस्त्यातच रडले. येडी मीच.

२७ जानेवारी
पंचफुला आली नाही.

२८ जानेवारी
तिच्या घरी गेले. आई चतुराबाई जिनिंगमधून नुकतीच आली होती, केसांत कापूस तसाच.

"आता नाही पाठवत, बाई. अकोल्याचं लगन जमून राह्यलं."

पाहुण्यांना सांगितलं का पोरीचं?

"काहून सांगू? तुमच्या शाळेत जाते समजलं तं कोन करन? लगन झालं का येते डोकं ठिकान्यावर."

डोकं ठिकाणावर येतं म्हणे! लग्न आहे की औषधाची बाटली? चूल पेटवली की विसरते ही पोर. सासूने हाकलली तर? बरंच बोलले. तेव्हा चतुराबाई म्हणाली, "मी मेल्यावर तिले कोन पाह्यन? तुमी?"

तरी भांडलेच.

१ फेब्रुवारी
पुंजाजींना सांगितलं, थांबवा हे. तर तेच मध्यस्थ निघाले! "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई." कर्म माझं!

९ फेब्रुवारी, रविवार
पाहुणे आले. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतल्या मागवल्या, खुर्च्यांबरोबर मीही गेले. मुलगा धर्मपाल. उंच, इस्त्रीचा सदरा. काही विचारलं की त्याची आईच बोलायची. इकडच्या बायका खूश — "कितीक शांत पोरगा हाय!"

चतुराबाईने पंचफुलाला बजावलं होतं, नुसती मान हलव. चहा ठेवून ती वळली, तेवढ्यात त्याच्या आईने विचारलं, "नाव काय व पोरी?"

झालं! अनोळखी माणूस! पंचफुला ताठ उभी राहिली. खणखणीत आवाजात — "मी पंचफुला. मले लवकर समजत नाही. सावकाश सांगा."

चतुराबाईने कपाळावर हात मारून घेतला. आणि तो धर्मपाल हसला! मोठ्याने, टाळी वाजवून! आईने दंड धरून त्याला उठवलं, चहा न घेता सगळे गेले. असा संताप आला! पोरीला हसतोस? आग लागो तुझ्या त्या सदऱ्याला.

पंचफुला मला विचारते, "बाई, बरोबर म्हनलं ना?"

बरोबरच म्हटलंस गं.

१० फेब्रुवारी
चतुराबाई दारात येऊन सगळ्या गल्लीदेखत बोलली, "माह्या पोरीचं घर तुमी मोडलं!" पुंजाजींनी निरोप पाठवला, समाजमंदिर आता विसरा.

लग्न मोडलं याचं मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पण "मी मेल्यावर कोन पाह्यन" हे काही डोक्यातून जात नाही. चतुराबाई तरी काय चुकीचं बोलली?

१५ फेब्रुवारी
पंचफुला आज आईचा डोळा चुकवून ओट्यावर येऊन बसली. हाकलणार कोण? मी तर नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी दारात धर्मपालची आई. मागे तो, तोच सदरा. मी पदर खोचूनच बाहेर आले, त्यालाच फैलावर घेतलं — काहून हसला रे त्या दिवशी? लाज नाही वाटली?

तो ताठ उभा राहिला. "मी धर्मपाल. मले लवकर समजत नाही. सावकाश सांगा."

आई रडायला लागली. "तवापासून साऱ्याईले हेच सांगून राह्यला, बाई. आमी बी झाकूनच आनलं होतं याले. इथं मावशीकडं ठेवतो. घ्या तुमच्या शाळेत."