दोन नंबरचा इंजेक्टर

सोम., ३ नोव्हें.

सकाळी गाडीचा पुन्हा तोच तमाशा. सेल मारमार मारला तेव्हा कुठं उठली, आणि उठली ती अंगात आल्यासारखी थरथरत. मागून पांढरा धूर. कच्च्या डिझेलचा वास थेट स्वयंपाकघरात. आई म्हणे पोह्यांना वास लागला. बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे, नाडी पाहावी तसे. "एक सिलिंडर झोपून राह्यलं," म्हणाले. तापल्यावर जरा बरी चालते. पण सतरा वर्षांची डिझेल गाडी, अजून किती.

मंदारचा पुण्याहून फोन. विकून टाक म्हणतो. भाऊ म्हणून एवढंच काम त्याला. म्हटलं, तू ये आणि बाबांना तूच सांग. मग लगेच तिकडच्या थंडीबद्दल बोलायला लागला.

ऑफिसला उशीर.

मंगळ., ४

गाडी प्रेमदास राठोडच्या गॅरेजला. त्यानं डिझेल फिल्टर काढलं, आतलं बाटलीत ओतून दाखवलं. वर डिझेल, खाली पाणी.

"ताई, हे तं होतंच. पण एवढ्यावर भागंल असं मले नाही वाटत."

संध्याकाळी गाडी घरी आली, शहाण्यासारखी चालत. बाबा खूश. "पाह्य. आणि मंदार म्हणते विकून टाका." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस फिल्टर बदलल्यानं एवढा खूश होतो. मला खूश व्हायचंही त्राण नव्हतं. जेवून झोपले.

गुरु., ६

आई-बाबा दारव्ह्याला गेले. गुरुवार म्हणजे मावशीकडं, हे ठरलेलं. मावशी अंथरुणाला लागल्यापासून एक गुरुवार चुकवला नाही आईनं. तिच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून गाडी. मला ऑफिस, म्हणून बाबा.

चारपर्यंत परत येतात, ते दिवेलागणीला आले. गाडी चढावर बंद पडली, दोनदा. डावा आरसा तुटून लोंबत होता.

"कापसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं घासली," बाबा म्हणाले.

आई सरळ आत गेली. चहासुद्धा नको म्हणाली. आई चहाला नाही म्हणते म्हणजे...

उद्या विचारीन. आज नको.

शनि., ८

विचारायचं राहिलं.

प्रेमदासनं स्कॅनर लावला. त्यात धड काही निघालं नाही. म्हणाला, मशीन सगळंच सांगत नाही ताई, तुम्हीच एकदा सोबत बसून पाहा. मिसिंग, म्हणजे मधेच ठोका चुकवणं, थंडीत करते, चढावर करते का उभी असताना करते. बाबांना विचारलं तर म्हणतात, सगळीकडंच करते. असं कसं.

उद्या रविवार. दारव्ह्यापर्यंत मागं बसून जाते.

रवि., ९

 लिहून टाकते.

मी मागच्या सीटवर, आई नेहमीप्रमाणे पुढं बाबांच्या बाजूला. सकाळची थंडी. गाडी गावाबाहेर निघेपर्यंत थरथरत होती, मग सुधारली. मी कान इंजिनाकडं लावून बसले होते. आईची बडबड मधे मधे येत होती. "डावीकडं म्हैस आहे. आता खड्डा येईल, इकडून घ्या. समोरून ट्रक येऊन राह्यला, थांबा. हं, चला." मी मनात म्हटलं, गप बस ना गं, इंजिन ऐकू दे. इतकी वर्षं हेच समजत होते, की आईला गाडीत गप्प बसवत नाही.

मग आई पिशवीत मावशीच्या गोळ्या शोधायला लागली. गप्प झाली.

पुढं रस्त्यातच ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत कापूस, एवढा मोठा पांढरा ढीग, लांबूनही दिसेल असा. बाबा गाडी हळू करतील म्हणून मी वाट पाहत होते. नाही केली. मान जराशी तिरपी, नजर रस्त्याच्या कडेला, आणि वेग तोच. मी ओरडले. "बाबा! ट्रॉली!"

ब्रेक. गाडी आचका देऊन बंद पडली. ट्रॉलीचा फळका बॉनेटपासून हातभरावर.

 मग आई म्हणाली, "माझंच चुकलं. मी पिशवीत पाहून राह्यली होती."

चूक आईनं कबूल केली. गाडी बाबा चालवत होते. तेव्हा मला सगळं समजलं.

बाबांनी गाडी परत सुरू केली. पुढचा सगळा रस्ता आई बोलत होती आणि मी ऐकत होते. मिसिंग कधी झालं, कुठं झालं, काही लक्षात नाही.

परत येताना मी चालवते म्हटलं. बाबा म्हणाले, "तुले या गाडीचा क्लच समजत नाही." आणि बसले. आई पण बसली. मी पण बसले. नंतर वाटलं, मी का बसले?

सोम., १०

रजा टाकली नाही, पण ऑफिसला उशिरा गेले. बाबा अंघोळीला गेल्यावर आईला धरलं. मेथी निवडत होती.

"कधीपासून?"

"मोतीबिंदू काढला तेव्हा चांगलं झालतं. मग मधात डाग आला. मागच्या दिवाळीपासून."

"मधात म्हणजे?"

"माणसाकडं पाह्यलं तं चेहरा दिसत नाही, कान दिसतात म्हणते."

आई म्हणाली, यवतमाळच्या डॉक्टरांनी डोळ्यात सुई घ्यायला सांगितलं होतं, दर महिन्याला. बाबांनी एक घेतली. मग गेले नाहीत. मला वाटत होतं, मोतीबिंदू काढला तेव्हाच डोळ्यांचं सगळं संपलं.

"मला का नाही सांगितलं?"

आईनं मेथीची काडी मोडली. "तू गाडी बंद केली असती."

"मग? नको करायला?"

"मग मी ताईकडं कशी जाऊ? आणि यायनं कुठं जावं? रिटायर झाल्यापासून त्या गाडीशिवाय आहे काय त्यायच्याजवळ." पुढची काडी घेत म्हणाली, "मले वाटे, मी आहे नं बाजूले. एका माणसाचे डोळे, एकाचे हात. चालून राह्यलं होतं."

 ट्रॉली आठवते सारखी. ट्रॉलीच्या जागी सायकलवर शाळेची पोरगी असती तर...

संध्याकाळी बाबांशी बोलायचं ठरवलं होतं. ते बातम्या ऐकत होते. टीव्हीच्या अगदी जवळ, तिरपे बसून. कितीतरी दिवस असेच बसतात. मला वाटायचं ऐकू कमी येतं.

बोलले नाही.

बुध., १२

अर्धी रजा. बाबांना घेऊन प्रेमदासकडं. गाडी मी नेली. बाबा म्हणाले कमर दुखते, तू घे. पहिल्यांदाच. क्लच मला चांगला समजतो.

प्रेमदासनं चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार छोट्या बाटल्यांत सोडल्या, गाडी चालू ठेवली. जो इंजेक्टर झिजला असेल तो डिझेल आत न उडवता मागं सोडतो, त्याची बाटली आधी भरते. तीन बाटल्यांत तळाशी थोडं थोडं. दोन नंबरची बघता बघता गळ्यापर्यंत.

मग खात्रीसाठी एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढून पाहिलं. बाबा डोळे मिटून उभे. पहिलं काढलं, इंजिन लंगडलं. "हा चांगला आहे," बाबा म्हणाले. दुसरं काढलं, आवाजात काही फरकच नाही. "हाच! हाच झोपला आहे!" टाळी वाजवली त्यांनी. मी किती दिवसांत त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. प्रेमदास पण हसला. "साहेबांचा कान म्हणजे कान आहे."

आणि त्याच आनंदात बाबा मागं सरले. मागं गाड्यांखाली उतरायचा खड्डा, उघडा. तिथं पिवळा पट्टा मारलेला आहे, ठळक. एक पाय हवेत गेला. प्रेमदासनं दंड धरून ओढलं म्हणून.

"अरे, ऑइल सांडलं आहे इथं," बाबा म्हणाले.

जमीन कोरडी होती. प्रेमदासनं जमिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हो साहेब, सांडलं आहे," म्हणाला, आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

गाडी तिथंच ठेवली. ऑटोनं घरी.

शुक्र., १४

काल गुरुवार. दारव्हा नाही. आई दुपारी फोन घेऊन बसली होती. मावशीला आता नीट बोलता येत नाही, तिची सून फोन तिच्या कानाला लावते. आई इकडून "हं, हं" करत होती, तिकडून काही येत नसावं.

आज प्रेमदासचा फोन, यवतमाळहून. इंजेक्टर मशीनवर लावला. आतला वॉल्व्ह गेला आहे, नोझल पण. दुरुस्त होतो, दोन दिवसांचं काम. 

"ताई, राग येऊ देऊ नका. म्हणत असाल तं मी साहेबांना सांगतो, पार्ट भेटून नाही राह्यला. महिना, दोन महिने. जुन्या गाडीचं कोणाले खोटं नाही वाटत."

मी काय बोलले? "बघा." एवढंच. म्हणजे हो.

फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. खरंच वाटलं. त्याचीच लाज वाटते आहे.

मंगळ., १८

रोज सकाळी बाबा विचारतात, "आला का पार्ट?" रोज मी नाही म्हणते. आज त्यांनी स्वतःच प्रेमदासला फोन लावला. नंबर त्यांना पाठ आहे, बोटांनी चाचपून लावतात. हेही मी आता पाहते. काय बोलणं झालं माहीत नाही. फोन ठेवून म्हणाले, "हा पोट्टा मले टाळून राह्यला. पयले असा नव्हता."

माझ्यामुळं एक चांगला माणूस त्यांच्या मनातून उतरला.

बाबा दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसतात. पेपर मांडीवर. पान उलटत नाहीत.

मंदारला सगळं सांगितलं.  मग म्हणाला, "तू योग्य केलंस." विकून टाक असंही म्हणाला नाही. डिसेंबरात येतो म्हणाला. बघू.

बुध., १९

मावशीच्या सुनेचा फोन. तब्येत उतरली आहे, खाणं सुटलं. आईनं कपाटातून चांगलं लुगडं काढून खुर्चीवर ठेवलं. मग परत आत ठेवलं.

म्हणाली, "तुझी गाडी होईल तेव्हा होईल."

तुझी गाडी म्हणाली. म्हणजे तिला कळलं आहे, गाडी कोणी थांबवून ठेवली ते.

ऑफिसमधून प्रेमदासला फोन केला. बसवून टाका म्हटलं. "नक्की?" नक्की काहीच नाही. पण खोटं बोलायचाही आता कंटाळा आला आहे. गाडी बिघडलेली ठेवणं सोपं होतं. जे बोलायचं ते बोलायला लागू नये म्हणून होतं ते सगळं.

शुक्र., २१

गाडी तयार. प्रेमदासनं इंजेक्टर बसवला, नवे तांब्याचे वॉशर, इंजेक्टरचा नंबर स्कॅनरनं गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवला. थंड इंजिनावर एका सेलमध्ये उठली. थरथर नाही, धूर नाही. प्रेमदास म्हणाला, "अजून पाच वर्ष काही होत नाही." मी धन्यवाद म्हटलं. पाच वर्षं ऐकून नको झालं.

घरी आणली. बाबा फाटकातच उभे होते. कान देऊन ऐकलं. चेहरा उजळला. हात पुढं केला, किल्लीसाठी.

तिथंच, फाटकात बोलले. ठरवलं होतं वेगळं, चहाबरोबर, सावकाश. पण हात पुढं आला आणि...

"बाबा, तुम्हाला समोरचं दिसत नाही."

"कोण म्हणते?"

"मी. मी गाडीत होते त्या दिवशी."

"कडंचं दिसते मले. सगळं दिसते कडंचं." मग, "चाळीस वर्ष या रस्त्यानं फिरलो, कालव्याच्या कामावर होतो तवापासून. रस्ता पाठ आहे मले."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची माणसं पाठ नाहीत."

त्यांनी हात मागं घेतला. म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलं?"

"नाही." हे खरं आहे. आधी तरी नव्हतंच सांगितलं.

आत निघून गेले. रात्रीचं जेवण त्यांनी लवकर उरकलं.  आईनं माझं ताट वाढलं नाही. का, ते विचारलं नाही.

सुईबद्दल बोलायचं होतं. परत सुरू केल्या तर आहे तेवढं टिकेल कदाचित. राहिलं.

रवि., २३

दारव्ह्याला गेलो. गाडी मी चालवली. बाबा मागं बसले. मागच्या सीटवर मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. आरशात सारखे लहान दिसत होते.

मावशीनं आईला ओळखलं. बोट धरून ठेवलं तिचं, सोडेना. बाबा मावशीच्या खाटेजवळ स्टुलावर बसून तिच्याशी बोलत होते, कापसाचं, थंडीचं. मावशी त्यांच्याकडं पाहत होती, ते तिच्या उशीकडं. मावशीच्या सुनेनं सगळ्यांना चहा दिला. आईनं घेतला.

परतीला ऊन कललं होतं. कापसाच्या जिनिंगसमोर ट्रकांची रांग लागलेली, मी हळू हळू काढली गाडी. चढावर एकदाही दम सोडला नाही. इंजिन इतकं गुळगुळीत, की गाडीत कोणी बोलत नाही हे जास्तच ऐकू येत होतं. मी म्हटलं, बाबा, डिसेंबरात मंदार येतो आहे, तेव्हा यवतमाळला डॉक्टरांकडं जाऊन येऊ सगळे.  आई खिडकीबाहेर पाहत होती.

गावाजवळ आल्यावर बाबा मागून बोलले. अगदी साध्या आवाजात.

"गुरुवारी तुले ऑफिस आहे नं?"

मी हो म्हटलं, आणि उतरल्यावर किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.