बेडकाखालची गाठ

माय, मी एक पात पूर्ण केली. या बांधावरून त्या बांधापर्यंत नेली, मध्ये उठले नाही. तुझा विश्वास बसणार नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. शिवणाचा क्लास मी अर्ध्यात सोडला, टायपिंग सोडलं, तू गेलीस त्या वर्षी बी.एस्सी.ची परीक्षा टाकली ती टाकलीच. लग्नानंतर स्वेटर विणायला घेतला, तो एका बाहीवर थांबला. तुझा जावई अजून पाहुण्यांना तो काढून दाखवतो. तू त्याला पाहिलं नाहीस. घुग्घुसच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, घरी येतो तेव्हा भुवया सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या असतात, आणि सुट्टी मिळाली की चित्रं काढत बसतो. मी चंद्रपुरात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. आम्ही दोघांनी मिळून एक गेम बनवला. पोरं मोबाइलवर खेळतात ना, तसा. आमचा पहिलाच.

गेम जॅम म्हणतात त्याला. पोळीला लावतात तो जॅम नव्हे, मीही आधी तेच विचारलं होतं. शुक्रवारी दुपारी इंटरनेटवर एक विषय देतात आणि रविवारी संध्याकाळी सहाच्या आत त्यावर पूर्ण खेळ तयार करून द्यायचा. कुठकुठली माणसं एकाच वेळी कामाला लागलेली असतात, सगळ्या शिवारात एकदम रोवणा चालू व्हावा तशी. अर्धा खेळ घेत नाहीत. हे वाचूनच मी अंग काढून घेतलं होतं, पण जावयानं परस्पर नाव नोंदवलं. वर मलाच म्हणाला, "तीन दिवसाचं तं काम हाये. तीन दिवसात तू कंटाळून कंटाळून किती कंटाळशील?" विषय आला 'पाठीमागे'. त्यानं पहिल्या पाच मिनिटांत वाघ काढला. चंद्रपूरचा माणूस कागद घेऊन बसला की वाघ निघतोच. मी म्हटलं, तो जंगलात आहे, बसस्टँडच्या भिंतीवर आहे, गेममध्ये तरी नको. "मंग का पाहिजे तुले?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, रोवणा. धानाची रोपं लावणारी बाई. मागून पाणी चढत येतं आणि त्याच्या आत तिनं चार बांधांमधली बांधी लावून पूर्ण करायची. असं का सुचलं ते मला तेव्हा सांगता आलं नाही.

विटा पडायचा तो हातातला छोटा गेम तुला आठवतो का? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत घेऊन दिला होतास. तू चपला घ्यायला आली होतीस आणि मी त्या दुकानापुढून हलायला तयार नव्हते. चपला पुढच्या मंडईवर गेल्या. तू तेव्हा सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रावर रोजानं जायचीस. तिथला रोवणा दोरीवरचा. बांधीत आडवी दोरी ताणलेली, दोरीला ठरलेल्या अंतरावर गाठी, आणि दर गाठीशी रोप. प्रत्येक बाईच्या वाट्याला काही गाठी, ती तिची पात; सगळ्यांची ओळ लागली की दोरी सरकवायची. तुला त्या दोरीची इतकी सवय लागली होती, की मावशीच्या बांधीतही तू दोरी ताणायला लावलीस. नात्याची नसलेली, पण आयुष्यभर तुझ्या शेजारची पात धरणारी आपली मावशी. तिच्याच बांधीत एका रविवारी तू मला उतरवलंस. मी बारा वर्षांची. माझ्या वाट्याला पाच गाठी. अर्ध्या बांधीपर्यंत मी टिकले, मग कंबर दुखते म्हणून वर आले आणि बांधावर बसून विटा पाडायला लागले. तू काही बोलली नाहीस. तुझ्या पाच आणि माझ्या पाच अशा दहा गाठी तू लावू लागलीस, म्हणजे बाकीच्या बायांची दोरी अडायला नको. मी बांधावरून तुझी ओली पाठ पाहते आहे. विटा पडत आहेत. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नव्हतं, हे आता लिहिताना वाटतं आहे.

बोललीस ती संध्याकाळी, चुलीपुढे. भात उतू जात होता आणि तू झाकण सरकवत होतीस. पाण्यानं पांढरी पडलेली तुझी बोटं, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या, त्यांवर कोमट तेल. माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "पात सोडून उठलेल्या बाईले कोनी काई म्हनत नाई. दुसऱ्या दिवशी हाक मारत नाई, बस." आणि गेम तांदळाच्या डब्यात गेला. मी घाबरले ते गेमसाठी नाही. सकाळी तू खरंच हाक मारली नाहीस, एकटीच गेलीस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. बरोबर आठ दिवसांनी दारातून हाक आली, "चाल, नांगे भरू." रोवण्यात जिथं रोप लागत नाही, रिकामी जागा राहते, तो नांगा. मी वरवर खोचलेली रोपं तरंगून गेली होती, सगळे नांगे माझ्याच पाच गाठींत. आपण दोघींनी ते भरले. त्या दिवशी मी कंबर दुखते म्हणाले नाही.

आता इतकं सगळं मला आठवतं, आणि तरी मी काय केलं ते ऐक. शुक्रवारची दुपार आणि संध्याकाळ मी कोड लिहिला, त्यानं बाई काढली, निळं लुगडं खोचलेली, डोक्यावर फडकं. शनिवारी त्याची पाळी एका सोबत्यानं धरली, म्हणून सकाळीच बसलो. दहापर्यंत बाई पाऊल पुढे टाकत दर गाठीशी रोप लावत होती, मागून पाणी येत होतं, सगळं झकास. मी लाडात येऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ मावशीला पाठवला. लगेच फोन आला. जयभीम घातला आणि म्हणाली, "अवं पोरी, हे बाई का करून राह्यली? आपनच लावलेला रोवना आपनच तुडवून राह्यली ना." मला कळेना. "काऊन?" मावशी म्हणाली, "रोवना कोनी पुढं चालत करते का? मांगं सरकत करते. तुया मायनं का शिकवलं तुले?"

मी फोन ठेवला. माय, मी तुझी लेक, पाठीमागे या विषयावर रोवण्याचा गेम करते आणि बाईला पुढे चालवते. कालपासून खेळून पाहते आणि मला ते खुपत नाही. जगातल्या सगळ्या गेममधली माणसं पुढे चालतात, म्हणून माझीही चालली. तू कधीच पुढे गेली नाहीस. लावलेलं डोळ्यांसमोर ठेवायचं आणि पाठीकडे सरकायचं, मागचं दिसत नाही, टाचेनं चाचपायचं. जागोजागी टाकलेली रोपांची पेंढी टाचेला लागली की न वळता हात मागे करून उचलायची. शेजारची बाई सांगायची, मांगं पेंढी हाये, मांगं बांध आला. विषय माझ्याकडे चालत आला होता आणि मी त्याच्याकडे पाठ केली होती.

जावई म्हणाला, राहू दे. "कोनाले समजते? गेम खेळणाऱ्यानं कधी रोवना केला हाये?" त्याचंही खरं होतं. बाई उलटी करायची म्हणजे त्याची सगळी चित्रं नव्यानं, माझा निम्मा कोड नव्यानं, आणि हातात उरलेला दीड दिवस. मला माझी जात माहीत आहे. असा डोंगर दिसला की मी गुपचूप उठते. म्हणून मी त्याला खरं तेच सांगितलं, "मले समजते. आणि असाच दिला तं मी अर्धाच दिला." त्यानं स्वतःची कालपासूनची सगळी चित्रं बाजूला सारली आणि नवीन कागद घेतला. त्या माणसाबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत, त्या पुन्हा कधीतरी, पण त्या वेळी मला तो फार आवडला. मागून येणारं पाणी काढून टाकलं. आता खेळणाऱ्याला फक्त लावलेलं दिसतं, मागचं नाही. मागचं सांगायला दोन्ही बाजूंच्या बाया हाका मारतात. त्या हाका मावशीनं फोनवरून पाठवल्या, एक सोडून चौदा, आणि मध्ये एकदा तिचं कोंबडं.

रविवारी सकाळी त्याला पाळीवर जावंच लागलं. मी एकटी. अकरा वाजता बाई दोन पावलं मागे सरकून जागीच गोल फिरायला लागली, गरबा खेळावा तशी. एक तास झाला, दीड तास झाला, काय चुकलं सापडेना. मी उठले. माय, खरंच उठले, गॅससमोर जाऊन उभी राहिले आणि त्याला सांगायचं वाक्यही ठरवलं, पुढच्या वेळी करू. चहा उकळत होता आणि मला तुझ्या दहा गाठी आठवल्या. आत्ता मी उठले की माझ्या गाठी तो लावणार, पाळीवरून दमून येऊन, काही न बोलता, अगदी तुझ्यासारखा. त्या विचारानं इतकी लाज वाटली की चहा गाळायचा राहिला आणि मी परत येऊन बसले. एका जागी वजा लिहायच्या ऐवजी अधिक लिहिलं होतं. पुढे आणि मागे, एवढाच घोळ. तो अडीचला आला, भुवयाही न धुता शेजारी बसला, आणि आम्ही दोघं एकाच टेबलाशी आपापली पात धरून सरकत राहिलो. सहाला नऊ मिनिटं कमी असताना गेम दिला. पोचला, असं पडद्यावर आलं. त्यानं माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की गाऊनवर सिमेंटचा पंजा उठला. तो गाऊन मी धुवायला टाकला नाही.

मग लोकांनी आठवडाभर खेळून मतं दिली. खेळण्याच्या पद्धतीसाठी आमचा गेम सगळ्यांत वर आला. सगळ्यांत वर, माय. ही मी, एका बाहीवाली. कोण्या दूर देशाच्या मुलीनं खाली लिहिलं, माझी आजी भात लावायची, ती अशीच मागे जायची, मी हे विसरलेच होते. मी तिला एवढंच लिहिलं, मीही. निकाल लागला त्या दिवशी आम्ही मोटरसायकलनं सिंदेवाहीला गेलो आणि मावशीच्या हातात मोबाइल दिला. तिनं ओट्यावर मांडी घातली आणि पदर खोचला. मोबाइल खेळायला पदर खोचणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. स्वतःचाच आवाज ऐकून ती ओरडली, "आयकू आलं ना वं, पेंढी हाये म्हून," आणि शेवटच्या बांधापर्यंत गेली. मग मोबाइल जावयाकडे देऊन म्हणाली, "आता बराबर सरकते. तुया मायवानी." मला वरचा नंबर मिळाला त्यापेक्षा हे मोठं वाटलं, आणि मी तिथेच ओट्यावर रडले. मावशीनं रडू दिलं.

हे सगळं मी त्याच वहीत लिहिते आहे जिच्यात गेममधल्या गाठींची अंतरं मांडली होती, आणि ते वहीतच राहील. पण एक गोष्ट मी जावयालाही नीट सांगितली नाही. शेवटच्या बांधीत, डावीकडून तिसऱ्या गाठीशी रोप लागतच नाही. रविवारी चारनंतर लक्षात आलं, वेळ उरला नव्हता, म्हणून त्यानं त्या जागी एक बेडूक बसवून दिला. लोकांना तो बेडूक फार आवडला. खाली काय आहे ते कोणाला कळलं नाही, मावशीलाही नाही. तुला कळलं असतं. आता मतदान संपलं आहे, दुरुस्ती करता येते, चूक कुठे आहे तेही मला सापडलं आहे, दहा मिनिटांचं काम. तो दोनदा म्हणाला, काढून टाक ना तो बेडूक. मी आज करते, उद्या करते म्हणते. खरं म्हणजे मी तो नांगा मुद्दाम ठेवला आहे. नांगा राहिला की आठ दिवसांनी तू हाक मारायचीस.