फोमचं चिलखत

॥ श्री ॥
पारगाव, ता. आंबेगाव
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. स्व. भगवंतमामांच्या चरणी स्वराजचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुण्याहून घशाचं ऑपरेशन करून तुम्ही डिंभ्याला घरी आलात, हे आईकडून कळलं. मी फोन लावला तर मामी बोलतात आणि तुम्ही शेजारून टिचक्या वाजवता, तेवढंच ऐकू येतं. मोबाइलवर टाइप करायला तुम्ही तयार नाही. म्हणून मग पत्र. नोकरीभर शिनोली-डिंभ्याच्या वाड्यावस्त्यांवर लोकांची पत्रं वाटलीत, आता तुमच्या नावाचं कुणीतरी आणून देऊ दे.

इकडे सगळे बरे. मंचरला फ्लेक्सच्या दुकानात माझी नोकरी चालू आहे. आई माझ्यावर एकाच गोष्टीसाठी चिडलेली असते, ती म्हणजे गोठ्याशेजारच्या खोलीत मी उभं केलेलं चिलखत. मोबाइलवर 'शेवटची कक्षा' नावाची मालिका लागते, अंतराळातली. तिच्यातला कक्षारक्षक अंगभर चिलखत घालतो. ते मी आणि जुन्नरचा पीयूष मिळून हुबेहूब बनवतोय. पीयूषच्या वडिलांचं, पोपटलालशेठचं, चपलांच्या सामानाचं दुकान आहे. तळव्यांचा फोम तिथूनच येतो. पीयूषला आधी वर्तमानपत्रात गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली, मग ते कापून साचे काढले. फोम तापवून वाकवायचा, सोल्युशनने जोडायचा, वर चंदेरी रंग, आणि त्यावर काळ्या रंगाचा हात फिरवून पुसून घ्यायचा, की जुनं लोखंड वाटतं. मालिका थांबवून थांबवून एकेक ओरखडा वहीत उतरवलाय. डाव्या खांद्यावर त्याला पाचव्या भागात भाजल्याचा डाग पडतो, तोही केला. डिसेंबरात पुण्याला अशा पोशाखांची स्पर्धा आहे, तिथे पीयूष ते घालणार.

आई म्हणते, बुजगावणं करायचं व्हतं तर शेतात तरी उभं करायचं.

उसाच्या कडेला पुन्हा बिबट्या दिसतोय. वस्तीवरच्या चांगदेवांचं कुत्रं नेलं. शेतात जाणाऱ्या बायकांना वनखात्याने गळ्यात घालायला बाहेर टोकं असलेले खिळ्यांचे पट्टे वाटले आहेत. आई घालते आणि दिवसभर कुरकुरते.

तब्येत जपा. उत्तर लिहा, भलेही रागावून लिहा, पण माया कमी होऊ देऊ नका.

आपला भाचा,
स्वराज


डिंभे
दि. २४ ऑगस्ट

चि. स्वराज यास भगवंतमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. आणणाऱ्या पोरीला मी बसवून चहा पाजला. मला कुणी पाजत नव्हतं, ते आठवलं.

गळ्याला खाली भोक आहे, त्यातूनच श्वास. वर मामीनं शिवलेलं पातळ फडकं. डॉक्टर म्हणाले, मशीन लावून बोलता येईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. एक बरं झालं, मामीशी भांडणात मी आता हरतच नाही, नुसतं पाठ फिरवून बसतो. धरण भरत आलंय, मासे स्वस्त आहेत आणि एसटी मनाला वाटेल तेव्हा येते.

तुझ्या चिलखताचा फोटो मामीनं मोबाइलवर दाखवला. लई जड असेल असं वाटलं. फोमचं आहे हे तुझ्या पत्रातून कळलं होतं तरी डोळे ऐकेनात. म्हणजे तू काम चोख केलंस. पण बाबा, लग्नाचं वय झालं, आता जरा जमिनीवरचंही बघ.

आईला सांग, पट्टा टोचला तरी काढू नको. आणि गवत कापताना वाकून एकटी राहू नको. आमच्या रानात जुनी माणसं सांगतात, वाकलेलं माणूस जनावराला माणूस वाटत नाही.

सर्वांना आशीर्वाद. तुमची आठवण इथं रोज निघते, तशी तिकडेही निघू दे.

तुझा,
मामा


पारगाव
दि. २० ऑक्टोबर

ती. स्व. मामांस शि. सा. नमस्कार.

आईने मामींना फोनवर सांगितलं असेल, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

आमच्या शेजारच्या प्रयागाकाकू गेल्या. भिमाजीकाकांच्या मंडळी, माझ्या लहानपणी मला कडेवर घेऊन फिरायच्या त्या. दुपारी विहिरीकडच्या बांधावर गवत कापत होत्या. बिबट्या उसातून आला आणि मानेला धरून आत घेऊन गेला. पट्टा घरात खुंटीला होता. मानेला घामोळ्या आल्या होत्या म्हणून दोन दिवस घालत नव्हत्या.

त्या वेळी मी घरीच होतो, मामा. सुट्टी होती. खोलीत रंगाचा फवारा मारत होतो, तोंडाला मास्क, कानात गाणी. बाहेर आरडाओरडा झाला तो मला ऐकूच आला नाही. आईने दार बडवलं तेव्हा मी बाहेर आलो, तोवर माणसं काठ्या घेऊन उसात शिरली होती. मीही शिरलो. काय बघितलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांनी रस्ता अडवला. साहेब आले, पिंजरे लावले, टीव्हीवाले आले. त्यांना काकूंची मुलगी प्राची हवी होती. सातवीत आहे. ती घरात बसलेली, तिच्यासमोर कॅमेरा धरून एकजण विचारत होता, की आईची आठवण येते का. माझ्या आईने त्याला हाताला धरून अंगणाबाहेर काढलं.

दहावं झाल्यावर भिमाजीकाका माझ्याकडे आले. खोलीच्या दारात उभे राहून चिलखताकडे बघत राहिले. मग म्हणाले, स्वराज, ह्याचा गळ्याचा भाग तेवढा पोरीला दे, लोखंड हाय, काढणार न्हाई ती. मी म्हटलं, काका, ते लोखंड नाही. त्यांना खरं वाटेना. पुढे होऊन त्यांनी गळ्याच्या कड्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला आणि खळगा तसाच राहिला. काकांनी हात मागे घेतला. मलाच म्हणाले, रंग खराब झाला का रं. आणि गेले.

तो खळगा मी अजून भरलेला नाही. काय करू ते सांगा. तुमच्या शब्दाची वाट बघतो.

आपला,
स्वराज


डिंभे
दि. २९ ऑक्टोबर

चि. स्वराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचायला लावलं. ती मधेच थांबली, पुढचं मी मनात वाचलं.

तुला ऐकू आलं असतं तरी तू पोचला नसतास. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. डिंभ्याच्या वरच्या वाडीला असंच झालं होतं, तिथं नवरा पाच पावलांवर होता.

आता कामाचं. फोमची वस्तू कुणाच्याही गळ्यात घालू नकोस. कुणी हातापाया पडलं तरी नको. दिसायला लोखंड आणि आत चपलेचा तळवा, हे नाटकात ठीक. ज्या दिवशी पोरीला वाटेल की आपल्याला काही होत नाही, त्या दिवशी ती बेसावध होईल. पट्टेच बरे. ते टोचत असतील तर टोचणार नाहीत असे करून दे, एवढं तुझ्या हातात आहे. माझ्या गळ्यावर फडकं ठेवायचं तरी मामीनं पाच-सहा प्रकारची कापडं बदलली, तेव्हा एक सोसवलं.

प्राचीला जप. आणि स्वतःलाही. तुझ्या हातचं अक्षर बिघडलंय, झोपत जा.

इथून दोघांची माया तुझ्या पाठीशी आहे.

तुझा,
मामा


पारगाव
दि. २६ नोव्हेंबर

ती. स्व. मामांस सा. नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. उरलेल्या फोमच्या पातळ पट्ट्या सुती कापडात शिवून सगळ्यांच्या खिळ्यांच्या पट्ट्यांना आतून लावल्या. पीयूष दुकानातली मोठी शिलाई मशीन घेऊन आला होता. आता बायका पट्टा घालतात. आई अजून कुरकुरते, पण काढत नाही.

पण तुमचं एक ऐकलं नाही. रागवाल, म्हणून आधी सगळं वाचा.

प्राची घरातून बाहेर पडेना. शाळा बंद, अंगणातसुद्धा येईना. बिबट्याची भीती, असं सगळे धरून चालले होते. भिमाजीकाका तिला पाठीवर घेऊन शाळेत न्यायला तयार होते, तरी नाही. मग एक दिवस ती परसातून थेट माझ्या खोलीत आली. चिलखताभोवती फिरली. काकांसारखाच अंगठा दाबून बघितला. मग विचारलं, हे माझ्या मापाचं व्हईल का? मी तिला स्पष्ट सांगितलं, की हे फोमचं आहे, याने काही अडत नाही, दात आरपार जाईल. ती म्हणाली, मला म्हाईत हाय. बिबट्यासाठी नकोच हाय मला.

मग कशाला, असं मी विचारलं. तिने सांगितलं, की सगळे तिच्या तोंडाकडे बघतात. दुकानात गेलं की बघतात. मास्तर बघतात. बायका तिची हनुवटी धरतात आणि रडतात, मग तिला त्यांच्यासाठी रडावं लागतं. कॅमेऱ्यापुढची ती चित्रफीत शाळेतल्या सगळ्यांनी बघितली आहे. हेल्मेटची काच काळी आहे, बाहेरून आतलं कुणाला दिसत न्हाई ना, एवढंच तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

मामा, मी नाही म्हणू शकलो नाही.

पीयूषला फोन केला. स्पर्धा तोंडावर आलेली. तो खूप चिडला. म्हणाला, वर्षभराची मेहनत हाय राव, तिला दुसरं बनवून देऊ. मी म्हटलं, दुसरं व्हायला महिने जातील. तो फोन ठेवून जुन्नरहून गाडीवर आला. आला तेव्हा प्राची खोलीत नुसतं हेल्मेट घालून खाली बसली होती. ते तिला एवढं मोठं, की खांद्यावर टेकलेलं. पीयूष दारातून तिला बघून आत आला. मी छातीची पाटी कापायला घेतली तर माझा हात पुढे सरकेना. त्याने माझ्याकडून कटर घेतला आणि स्वतःच मधोमध पहिला छेद दिला.

आठवडाभर कापून, तापवून, जोडून तिच्या मापाचं केलं. भाजल्याचा डाग कापण्यात गेला. काल ती ते घालून शाळेत निघाली, आत गळ्यात खरा पट्टा. एकीकडे भिमाजीकाका काठी घेऊन, दुसरीकडे मी. वाटेत कुणी हसलं नाही. पोरं मागे मागे आली, पण त्यांचे डोळे चिलखतावर होते. वर्गातही हेल्मेट डोक्यावर ठेवायला मास्तरांनी परवानगी दिली.

बेसावध होईल म्हणालात. तिला एकटीला मी कुठेच सोडत नाही. तरी चुकलो असेन तर लिहा. तुमची बोलणी खायला तयार आहे.

आपला,
स्वराज


डिंभे
दि. ५ डिसेंबर

चि. स्वराज यास आशीर्वाद.

रागावलो नाही. मीही ऑपरेशननंतर महिनाभर ओट्यावर बसलो नव्हतो. येणारा प्रत्येकजण आधी गळ्याकडे बघायचा. हे मी मामीलाही सांगितलेलं नाही, त्या पोरीनं मात्र तुला सांगितलं. मोठी धीराची आहे.

पीयूषला माझा आशीर्वाद सांग. आणि पोरीला म्हणावं, डिंभ्यात एक मामा आहे, तो काहीच विचारू शकत नाही, त्याच्याकडे खुशाल ये.

आठवणीत ठेवा.

मामा


पारगाव
दि. १९ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

उशीर झाला, माफ करा. तुमचा निरोप प्राचीला दिला होता. तिला डिंभ्याला यायचं होतं, पण ते राहूनच गेलं.

संक्रांतीच्या आधी पिंजऱ्यात बिबट्या सापडला. बातमी फुटली आणि अख्खं गाव लोटलं. काही जण भिमाजीकाकांच्या दारात आले, की पोरीला आणा, तिच्या आईला मारणारा तिला बघू द्या. काका नको म्हणत होते. प्राची आतून चिलखत घालूनच बाहेर आली आणि चालायला लागली.

गर्दीने वाट दिली. पिंजऱ्यातलं जनावर गजांवर धडका घेऊन घेऊन दमलं होतं, नाकातून रक्त येत होतं. लोक काठ्या आत खुपसत होते, ठार मारा म्हणून ओरडत होते. वनखात्याचा एक माणूस त्यांना हात जोडत होता. प्राचीने त्याला विचारलं, ह्योच हाय का? तो म्हणाला, बाळ, तपासणी झाल्याशिवाय मला खोटं सांगता येणार नाही. लोक त्याच्यावर धावले, ह्योच हाय म्हणून सांग म्हणाले.  कुणीतरी पुन्हा मोबाइल तिच्यासमोर धरला होता, पण त्यात काळ्या काचेशिवाय काय येणार. मग ती मागे वळली.

आमच्या अंगणात आल्यावर ती खाली बसली. आईने हेल्मेट उचललं. आत मी छोटा पंखा बसवला होता, हवा खेळायला. तो बंद पडला होता, कधीपासून कोण जाणे. प्राचीने सांगितलंच नव्हतं. तोंड लालबुंद, केस चिकटलेले, ओठ सुकलेले. आई तिला पोटाशी धरून बसली. त्या दिवशी पोर पहिल्यांदा स्वतःसाठी रडली, असं आई म्हणते.

चार दिवसांनी नदीपलीकडच्या वस्तीवर एका म्हाताऱ्या बाईवर हल्ला झाला. म्हणजे तो तरी नव्हता, किंवा आणखीही आहेत. भिमाजीकाकांनी त्याच दिवशी ठरवलं. भोसरीला त्यांचा भाऊ बहिरू कंपनीत आहे, त्याच्याकडे जायचं. जमीन वाट्याने दिली.

आमच्या शिवारातला ऊस तुटला. रान मोकळं झालं. माझ्या खोलीच्या दारातून आता विहीर दिसते, बांध दिसतो. मामा, हाक मारली तर ओ येईल एवढंच अंतर आहे. ऊस उभा होता तेव्हा ते कधी कळलंच नाही. रोज सकाळी आई आणि दोघी-तिघी गवताला जातात तेव्हा मी काठी घेऊन बांधावर उभा राहतो, मग मंचरला जातो. मालकाने वेळ सांभाळून घेतली आहे.

काल सकाळी काकांचा टेम्पो निघाला. प्राचीने चिलखताचे सगळे तुकडे पुसून, एकात एक घालून आमच्या ओट्यावर आणून ठेवले, वर हेल्मेट. मी म्हटलं, घेऊन जा, तुझंच आहे, पंखा नवीन बसवून देतो. तिने मान हलवली.

तिकडं मला कुणी वळखत न्हाई, म्हणाली.

मामींना नमस्कार. येत्या रविवारी एसटी आली तर येतो, नाही आली तर चालत निघतो. तुम्ही काही बोलू नका, नुसते शेजारी बसा.

आपला भाचा,
स्वराज