ही काय म्हणाली होती

४ जानेवारी १९३७, शहादे
आजपासून इंग्रजी. एप्रिलात खात्याची परीक्षा, मग अव्वल कारकून. फक्त रिपोर्टेड स्पीच राहिलंय. म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायचं. मराठीत माणूस बोलला ते तसंच ठेवून पुढे ‘असं म्हणाला’ लावलं की झालं. भाषेला कष्ट म्हणून नाहीत. इंग्रजीत तेच बोलणं एक काळ मागे ढकलावं लागतं. आठवडाभराचं काम.

६ जानेवारी
सरावाला घरातलीच वाक्यं घ्यायची. ही दिवसभर बोलतेच, ते फुकट जाऊ नये. सकाळी म्हणाली, तूरडाळ संपली. ‘वॉज’ की ‘हॅड बीन’? ठरेना. जेवायला भाकरी आणि ठेचा.

९ जानेवारी
उत्तम वाक्य मिळालं! कळसाडीहून, हिच्या माहेरून निरोप आला. ही चुलीशी बसून म्हणाली, मायनं अंथरूण धरलंय, सारखं तुमचं नाव घेते, सोमवारी गाडी येईल, या टाइमले तरी मन्हा संगे येशात का? एका दमात तिन्ही काळ, वर प्रश्न! म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश. हिनं सांगितलं. मी पाटीवर घेतलं. मग म्हणाली, आणि उत्तर? म्हटलं, निघेल उद्यापर्यंत.

११ जानेवारी, सोमवार
शेवटी ‘वुड’ येणार हे नक्की. आधीचा ‘हॅड’ मात्र छळतोय. हिचा भाऊ रतिलाल दारात गाडी घेऊन उभा. म्हटलं, पाच मिनिटं. तो म्हणाला, दाजी, मन्हा बैलस्ले इंग्रजी समजत नही, चाला! अडाणी. ही आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. काहीतरी बोलली. साधंच वाक्य होतं, सरावाच्या उपयोगाचं नव्हतं, म्हणून घेतलं नाही. मान वर केली तेव्हा गाडी वळणापलीकडे. घर शांत. अभ्यासाला फारच छान.

१४ जानेवारी
शांततेत वाक्यंच मिळत नाहीत. स्वतःच मोठ्यानं बोलून पाहिलं. भाकरी करपली. दोन दिवसांत येईलच ही. माझ्यावाचून हिला करमत नाही.

२० जानेवारी
आली नाही. शेजारच्या सोमीबाईंना सहज विचारलं, जाताना ही काही बोलली का? त्या म्हणाल्या, तुमलेच सांगी गयी ना! आणि हसल्या. पाटी पुसायला घेतली. पुसवेना.

२४ जानेवारी, रविवार
कळसाडीस गेलो. रस्ताभर माफीचं वाक्य घोकलं. सगळे काळ बिनचूक. सासूबाई उठून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. माझं वाक्य मध्येच तोडून म्हणाली, निघताना मी तुमच्या खुर्चीमागे काय बोलले, तेवढं सांगा, लगेच गाडीत बसते. इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा, कसंही सांगा.
मी सुरुवात केली. ‘शी सेड दॅट...’
ही शेंग हातात धरून थांबली. मग सोलू लागली.
रतिलालनं मला एकट्याला आणून सोडलं.